आवणीचं घड्याळ

लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीच्या दोन दुकानांच्या मधे एक फट आहे. फटच म्हणायची, माणूस आडवा झाला तर पाय रस्त्यावर येतील. त्या फटीत श्रीपतीभाऊ येवले एकेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत बसले आहेत. डावीकडून गूळ कढल्याचा वास येतो, उजवीकडून भाजल्या शेंगदाण्याचा, आणि मधे भाऊंच्या वाटीतल्या पेट्रोलचा. त्या वाटीत घड्याळांचे अवयव आंघोळीला बसलेले असतात.

घाटात गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या इंजिनांचे ड्रायव्हर एके काळी ड्यूटीवर जाताना भाऊंच्या भिंतीवरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून जात. आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, पण भाऊंचा बाणा उतरला नाही. ते म्हणत, "थांबणारं घड्याळ आन् खोटी साक्ष देणारा मानूस, दोगांना दवा येकच. उगडायचं आन् आतनं साफ करायचं."

पौषातली थंड सकाळ होती. भाऊ हात चोळत नुकतेच बसले होते, तेवढ्यात वलवणचा प्रदीप आला. प्रदीप रेल्वेत तिकीट तपासनीस. दोन हात, एक बायको आणि अकरा घड्याळं, असं त्याची बायकोच सांगायची. पगारातून शिल्लक टाकून तो चावीची घड्याळं घ्यायचा आणि महिन्यातून दोनदा भाऊंच्या बाकड्यावर येऊन उघडलेल्या घड्याळांच्या पोटातलं काय काय बघत बसायचा.

"भाऊ, आधी हात पुसा," तो म्हणाला.

"का रं? सत्यनारायनाला बसवतो का मला?"

"पुसा तर."

भाऊंनी हात पुसले. प्रदीपनं मनगटावरचं घड्याळ काढून दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत ठेवलं, जसं कोणी लहान पोर देतं, मान सांभाळून.

"पट्ट्याला एक भोक पाडायचंय. सैल होतोय."

"ही कुटली कंपनी?"

"कंपनी नाही. बाई आहे. सुदुंबऱ्याची रेणुका. कारखान्यात टूलरूमला आहे, रविवारी घरी घड्याळ करते. आतापर्यंत सात केलीत. हे सातवं. दीड वर्ष वाट बघितली मी याच्यासाठी."

"करती म्हंजी जोडती."

"करते, भाऊ. आतलं मूळ यंत्र जुनं एचएमटीचं आहे, पण वरचं सगळं तिच्या हातचं. नाव ठेवलंय 'आवणी'." प्रदीपच्या डोळ्यांत खोडकरपणा चमकला. "यात एक गंमत आहे. ती मी सांगणार नाही. तुमची तुम्ही शोधा. माझी गाडी आहे, उद्या येतो."

आणि तो पायऱ्या उतरून गेलासुद्धा.

भाऊंनी आधी पट्ट्याला भोक पाडलं. कामाचं काम झालं. मग आयग्लास डोळ्याला लावला आणि घड्याळ उजेडाकडे केलं.

ना काटे होते, ना कडेनं आकडे. बंद्या रुपयाएवढी तबकडी, आणि तिच्यावर चिखल. खरा चिखल नव्हे, भाजलेल्या मिन्याचा. पण नांगरून, तुडवून, पाणी धरलेल्या खाचराला जो तुकतुकीत काळपट तांबडा रंग येतो, तोच. कडेनं बांध. बांधावर बारा दगड आणि तासाच्या आकड्यापुरती एक बारकी खिडकी. आणि खाचरात तांदळाच्या कणीएवढी एक बाई, कासोटा घातलेली, कमरेत वाकलेली.

भाऊ बघत राहिले. बाई हलत होती. इतकी हळू, की हलताना दिसत नव्हती. दुसरीकडे बघून परत बघितलं की पुढच्या दगडाजवळ गेलेली असायची. पुढच्या? भाऊंनी डोळा बारीक केला. बाईचं तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे. ती मागं मागं सरकत होती! आणि तिच्या तोंडासमोर जेवढा चिखल सुटत होता, तेवढा हिरवा होत होता.

भाऊ एकदम मोठ्यानं हसले.

आवणी म्हणजे भाताची लावणी. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं चिखलात टोचणी, आणि बाई कायम मागं मागं जाते, कारण पुढं गेली तर स्वतःच लावलेलं तुडवील. मावळात जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण ते घड्याळात घालावं, मिनिटकाट्याच्या जागी एक बाई वाकवावी आणि तिच्याकडून तासाचं खाचर लावून घ्यावं, हे सुचायला कसलं डोकं पाहिजे!

"भाऊ, एकटेच काय हसताय?" डावीकडच्या दुकानातून लीलाबाईंनी मान काढली. "डोक्याचा स्क्रू पडला का काय? बघा बाई पायाखाली."

"लीलाबाई, हितं या. दुकान सोडा आन् या."

लीलाबाई आल्या. भाऊंनी त्यांच्या हातात भिंग दिलं. अकराला चार मिनिटं कमी होती. जवळजवळ सगळं खाचर हिरवं झालं होतं, फक्त वरच्या कोपऱ्यात चिखलाची एक चिंधी उरली होती, आणि बाई तिकडे पाठ करून सरकत होती.

"अगं बया! हे तर माझ्या माहेरचं वावर," लीलाबाई म्हणाल्या. "आता लावून संपलं की काय करती ही?"

"त्येच बघायचंय."

दुकानावर मुंबईचं एक जोडपं आलं. "दोन किलो मिक्स चिक्की." लीलाबाईंनी न वळताच हात वर केला. "थांबा हो जरा. इथं आवणी चाललीय." ते जोडपंही मग पायरीवर चढून माना लांब करून बघायला लागलं.

अकरा वाजले. खट्! हिरवं खाचर एका क्षणात गडप झालं, परत सगळा चिखल झाला, आणि बांधावरच्या खिडकीत दहाच्या जागी अकराचा आकडा आला. बाई तशीच वाकलेली, वरच्या बाराव्या दगडाशी, नव्या तासाच्या तोंडाला.

"मेलीनं एवढं लावलं, आणि गेलं की वाहून!" लीलाबाई हळहळल्या.

"वाहून न्हाई गेलं. पुढचं खाचर हाय त्ये."

"एवढी खाचरं कुणाची असतात हो भाऊ? पाटलाची असणार."

त्या दिवशी भाऊंनी दुसऱ्या कुठल्या घड्याळाला हात लावला नाही. भूक लागली तेव्हा एका हातानं भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या हातानं भिंग धरलं. बारा वाजताना पाहिलं, एक वाजताना पाहिलं. तरी मन भरेना. ज्याच्या चेहऱ्यावर एवढं आहे, त्याच्या पोटात काय असेल? चांगलं कापड उलटं करून बघितल्याशिवाय शिंप्याला राहवत नाही, तसं त्यांचं झालं. प्रदीपनं गंमत शोधायलाच तर सांगितलं होतं. त्यांनी मागचं झाकण उघडलं.

मूळ यंत्र त्यांच्या ओळखीचं होतं. चाळीस वर्षांत हजारभर तरी त्या जातीची त्यांनी उघडली असतील. पण त्याच्यावरचे पूल, म्हणजे चाकांना जागेवर धरणाऱ्या पट्ट्या, पोरीनं नव्यानं कापले होते. सरळसोट नव्हते. बांधासारखे वळत गेलेले, एकमेकांना सांधत, मधेमधे पाण्याला वाट ठेवल्यासारखी चीर सोडून. कडा अशा घासलेल्या, की उजेड त्यांच्यावरून ओघळत होता. स्क्रू विस्तवावर तापवून निळे केलेले, एकाचाही निळा दुसऱ्याहून फिका नाही. आणि बॅलन्सच्या, म्हणजे सतत झुलणाऱ्या चाकाखाली, जिथं गिऱ्हाइकाची नजर जन्मात जाणार नाही, तिथं एक खेकडा कोरलेला. घड्याळाची चाल जलद-मंद करायची जी बारीक दांडी असते, ती त्या खेकड्याची नांगी होती.

"आगं पोरी," भाऊ पुटपुटले. "आगं माज्या बाये."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणासाठी केला तिनं खेकडा? दुरुस्तीवाल्यासाठी. कधीतरी, वीस वर्षांनी, कुठल्यातरी फटीत बसलेला एखादा म्हातारा हे उघडेल, आणि खाचरात हात घालताना खेकडा चावावा तसा दचकेल, हसेल, एवढ्यासाठी. चाळीस वर्षांत घड्याळ करणाऱ्या कुणी भाऊंची अशी आठवण काढली नव्हती.

आणि इथंच भाऊंच्या हातून ती गोष्ट झाली.

त्यांनी घड्याळ टाइमिंग मशीनवर चढवलं, ठोके ऐकून चालीची रेघ काढणाऱ्या. ठोका सरळ, स्वच्छ. पण दर पाव तासाला काहीतरी होत होतं. चाल काही क्षण जड व्हायची, बैल चढाला लागल्यासारखी, आणि मग एकदम सैल सुटायची. पुन्हा पाव तासानं तेच. त्यांनी चिमट्यानं एकेक अंग तपासलं आणि त्यांना सापडलं: वरच्या बाजूच्या एका बारक्या दांडीच्या टोकाला नखासारखा एक उंचवटा होता. बाईच्या खालची चकती दर पाव तासाला त्याच्यावर येऊन अडत होती. सगळं घड्याळ आरशासारखं घासलेलं, आणि तेवढं एक नख खरबरीत, करडं राहिलेलं.

राहिलंय, भाऊंना वाटलं. पोर दमली असणार. दिवसभर कारखाना, रविवारी हे. एवढं सगळं केलं आणि एवढंसं घासायचं राहिलं. त्यांना तिची दया आली, आणि मायाही. आपल्या घरच्या पोरीच्या परकराची शिवण उसवलेली दिसावी आणि चारचौघांत न बोलता आपण पाठीमागं उभं राहून झाकावी, तसं त्यांनी घासायचा बारीक दगड घेतला, तेलाचा थेंब सोडला, आणि ते नख घासून सपाट केलं. मग इतकं चकचकीत केलं, की तिथं कधी काही होतं हे करणारीलाही कळू नये.

घड्याळ परत मशीनवर चढवलं. सरळ रेघ. पाव तास झाला, अर्धा झाला, पाऊण झाला. एकही अडखळ नाही.

प्रदीपला सांगायचं नाही, त्यांनी ठरवलं. पोरीची चूक पोरीपाशी. त्या रात्री त्यांना फार समाधानाची झोप लागली.

दुसऱ्या दिवशी प्रदीप पळतच आला. "सापडली का गंमत?"

"येक का दोन! उलटी चालनारी बाई, पलटी खानारं खाचर, आन् तो खेकडा. आरं, तो खेकडा बघून तर मी..."

"खेकडा? कुठला खेकडा?"

"आत हाय. तुला न्हाई ठावं? गिऱ्हाइकासाठी न्हाईच त्यो."

प्रदीप हरखला. "आणि पाव तासाची?"

"पाव तासाची काय?"

प्रदीपनं घड्याळ उजेडात धरलं. पावणेदहाला मिनिट बाकी होतं. "आता बघा हां. डोळे हलवू नका." तो श्वास धरून बघायला लागला. भाऊही वाकले. बाई नवव्या दगडाशी आली. दगड ओलांडला. तशीच मागं सरकत गेली.

"थांबली नाही," प्रदीप म्हणाला.

"थांबंल कशी? मी हाय न्हवं हितं!"

"नाही भाऊ, थांबते ती. दर पाव तासाला थांबते, फक्त तास पलटताना नाही. कंबर सरळ करून उभी राहते, चार-सहा सेकंद. मग वाकते आणि राहिलेलं भरून काढते. हीच तर गंमत आहे. याच्यासाठीच मी हे घेतलं. रेणुकाची आई भातलावणीच्या मजुरीला जायची ना, तिच्यावरून."

लीलाबाईंच्या दुकानात तराजूचं पारडं आपटल्याचा आवाज झाला. उभी राहते. म्हणजे ते जड होणं, ते अडणं, ते नख... भाऊंनी घड्याळ तर पालथं ठेवून तपासलं होतं. दुरुस्तीवाला पाठीकडून बघतो. आणि आदल्या दिवशी पुढून बघताना त्यांची नजर कायम तासाच्या तोंडावर होती. मधल्या पाव तासांना कोण बघतं?

"प्रदीप," भाऊ म्हणाले, "म्या त्ये काडून टाकलं."

"काय काढून टाकलं?"

"तिचं उबं ऱ्हानं."

प्रदीपला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, पण तो भला माणूस. घड्याळ मनगटावर बांधून म्हणाला, "असू द्या. चालतंय ना? मी तिला सांगत नाही. असंच घालीन."

"चालतंय!" भाऊ उसळले. "चालतंय म्हनूनच तर माज्या जिवाला लागलंय. काड त्ये. रविवारी सुदुंबऱ्याला जायचं. तू गाडी काड."

"ती चिडेल, भाऊ."

"चिडू दे. तिचं हाय त्ये."

रविवारपर्यंतचे दोन दिवस भाऊंना काही सुधरेना. घड्याळ समोर ठेवून ते बसत, आणि बाई वाकून मागं मागं, मागं मागं जात राही. दगड आला, गेला, ती उठेना. त्यांना नाणे मावळातलं घरचं खाचर आठवलं. ते सातआठ वर्षांचे असतील. खाली बायांची रांग, आणि बांधावर छत्री घेतलेले काका. काका कधी कुणाला शिवी द्यायचे नाहीत. एखादी बाई कंबर धरून उभी राहिली, की ते फक्त खाकरायचे. तेवढंच. बाई वाकायची. आणि बाजूला उभ्या श्रीपतीला तेव्हा काकांचा फार अभिमान वाटायचा, की बघा, नुसतं खाकरून काम चालतं.

सुदुंबऱ्यात रेणुकाचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत पलंग आणि शिलाई मशीन असावी त्या जागी एक छोटा लेथ. उंबऱ्याशी तिची आई चंपाबाई सुपात नवा इंद्रायणी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"जयभीम, काकू," प्रदीप म्हणाला.

"जयभीम. या. हे कोन?"

"लोणावळ्याचे श्रीपतीभाऊ. घड्याळवाले."

रेणुका आतून आली. तिशीची, चष्म्याची, बोटांना काळं लागलेलं. श्रीपतीभाऊ हे नाव तिला माहीत होतं. जुनी यंत्रं शोधताना पुण्यातल्या दुकानदारांनीही तिला ते सांगितलं होतं. ती खुर्ची पुसायला लागली. भाऊ बसले नाहीत.

"पोरी, तुजं घड्याळ म्या बिगडवलं," ते उभ्याउभ्याच म्हणाले, आणि सगळं सांगितलं. नखाचं, दगडाचं, दया आल्याचंसुद्धा.

रेणुकानं घड्याळ घेतलं, उघडलं, दिव्याखाली धरलं. आयग्लास लावून नखाची जागा शोधली.

"पट्ट्याला भोक पाडायला दिलं होतं ना तुम्हाला?" ती म्हणाली.

"व्हय."

"ते नख करडं मी मुद्दाम ठेवलं होतं. घासलं तर चकती घसरते, धरून राहत नाही. अकरा नखं मोडली तेव्हा कुठं ते जमलं होतं. पाच महिने गेले, फक्त तेवढ्याला." तिनं पुन्हा आयग्लास लावला, आणि तिच्या आवाजात रागाच्या खालून दुसरंच काहीतरी आलं. "आणि काय घासलंय! नख होतं हे मलासुद्धा दिसत नाहीये. इतकं साफ माझ्याच्यानं होत नाही."

"त्येचीच तर लाज वाटती," भाऊ म्हणाले.

उंबऱ्यावरून चंपाबाई ऐकत होत्या. "म्हंजी काय झालं? मला कुनी सांगंल का?"

"आई, घड्याळातली बाई आता उभी राहत नाही. भाऊंनी तिचं थांबणं काढून टाकलं."

चंपाबाईंनी भाऊंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग सूप पाखडत म्हणाल्या, "म्हंजी बांदावरचा मालक घड्याळात बी घुसला म्हना की!" आणि हसत हसत गाऊनच दाखवलं:

"घड्याळाच्या वावरात लेकीनं लावला भात,
बांदावरून भाऊ म्हने, चालू द्या बायांनो हात."

प्रदीपला हसू आवरेना. भाऊंनी मान खाली घातली. "खरं हाय, मावशी. आमचे काका असंच खाकरायचे बांदावरनं."

"कंचं गाव तुमचं?"

"नाणे मावळ."

"तितं बी आलते मी आवनीला. ट्रक भरून न्यायचे आमा बायांना."

"आमच्या वावरात आलता का काय?"

"कुनाच्या त्ये काय आटवत न्हाई. बांदावरली मान्सं खालनं समदी सारकीच दिसत्यात." चंपाबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "बसा आता. उबं राहून काय व्हतंय?"

भाऊ बसले, पण खुर्चीवर नाही, लेथपुढच्या स्टुलावर. "पोरी, तुजी हरकत नसंल तर नवं नख मी करतो. तू सांग, मी हात चालवतो. माज्या हातानं गेलंय, माज्या हातानं यायला पायजे."

रेणुकानं पोलादाची पातळ पत्री त्यांच्यापुढं सरकवली.

"नख केवढं ठिवायचं? माप दे."

"वहीत आहे, पण त्यावर जाऊ नका. ते शेवटी आईवर लावलेलं आहे."

"आईवर?"

"बाया लावताना गाणं म्हणतात ना. पहिली ओळ वाकून म्हणायची. दुसऱ्या ओळीला उभं राहायचं, ओळ संपली की वाकायचं. मालकाला वाटतं गाणं चाललंय. ती दुसरी ओळ जेवढा वेळ चालते, तेवढी माझी बाई उभी राहते. नख मोठं झालं तर जास्त, लहान झालं तर कमी."

भाऊंनी हातातली पत्री खाली ठेवली. सगळं आयुष्य त्यांनी वेळेवरून माणसं हलताना पाहिली होती. गाण्याच्या एका ओळीवरून घड्याळ लावायचं, हे त्यांनी ऐकलंही नव्हतं. "म्हना मावशी," ते म्हणाले.

चंपाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला.

"मागं मागं सरं बाई, पुढं हिरवं होई रान,
उबी राहू दे घडीभर, मग वाकवीन मान."

आवाज जुना होता, कडेला थोडा फाटलेला, पण दुसऱ्या ओळीला असा वर उठला, की खरंच कुणीतरी पाठ सरळ करून आभाळाकडे बघतंय असं वाटावं.

भाऊंनी कापायला घेतलं. रेणुका शेजारी उभी राहून सांगत होती, "उतार आतल्या अंगाला. अजून. पुरे." भाऊंच्या बोटांकडे ती बघत राहिली, एवढं म्हातारं बोट आणि कापरं म्हणून नाही. तासाभरानं पहिलं नख झालं. घड्याळ जुळवलं, बाईला दगडाच्या अलीकडे नेऊन सोडलं. चौघंही वाकले. बाई दगडाशी आली, कंबर उचलली, आणि लगेच वाकली.

"ही तर मालकाला भ्याली," चंपाबाई म्हणाल्या.

दुसरं नख मोठं ठेवलं. बाई उभी राहिली, ती राहिलीच. चंपाबाईंची ओळ संपली, दुसऱ्यांदा सुरू झाली.

"आन् ही घरला निगाली. चूल पेटवाय."

तिसऱ्या नखाला भाऊंनी घाई केली नाही. जेवण झालं, गरम भात आणि कोरड्यास. पुन्हा स्टुलावर बसले. कापलं, बसवलं, टोक करडंच ठेवलं. बाई दगडाशी आली. उभी राहिली. तांदळाच्या कणीएवढी पाठ सरळ झाली, आणि चंपाबाईंनी ओळ उचलली. 'उबी राहू दे घडीभर' झालं, श्वास घेतला, 'मग वाकवीन मान' झालं, आणि त्या 'मान'वर बाई वाकली. बरोबर.

प्रदीपनं टाळीच वाजवली.

"नाही," रेणुका म्हणाली. तिच्या हातात वही होती, दुसऱ्या हातात मोबाइलवरचं सेकंदाचं घड्याळ. "आधी साडेपाच सेकंद होती. आता सात होतायत. आई, तू हळू म्हटलंस."

"मग? तवा मापलंस त्याला दोन वरसं झाली. दम लागतो आता."

"भाऊ, नखावर घासायच्या दगडाचा एक हात मारला की साडेपाचवर येईल."

भाऊंनी दगड हातात घेतला. मग हिशेब बघितला: राहिलेलं अंतर बाई पुढच्या तीन मिनिटांत भरून काढत होती. तास चुकत नव्हता. त्यांनी प्रदीपकडे बघितलं. "तुजं घड्याळ हाय. घासू का?"

प्रदीप गोंधळला. दीड वर्ष वाट बघून घेतलेलं घड्याळ. जसं केलं होतं तसं त्याला हवं होतं, आणि तसं हवं म्हणायचा त्याला हक्कही होता. तो तबकडीकडे बघत राहिला. "काकू," तो म्हणाला, "तुम्ही सांगा."

"मला काय इचारता?" चंपाबाईंनी भिंग मागितलं. ते कुठल्या डोळ्याला लावतात हे भाऊंनी दाखवलं. त्या बराच वेळ बघत होत्या. पुढचा पाव तास भरला. बाई उठली. चंपाबाईंचे ओठ हलले, आवाज आला नाही. बाई वाकली.

"दिसती बरी," त्या भिंग परत देत म्हणाल्या. "तिचं बी वय झालं आसंल की. ऱ्हाऊ द्या तिला जरा."

रेणुकानं वहीत पाच पूर्णांक पाचवर काट मारली आणि पुढं सात लिहिलं. भाऊंनी दगड तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला, घड्याळ पालथं केलं आणि मागचं झाकण अंगठ्यानं दाबून बसवलं.